आरोग्याचा धडा आधी की वचन आधी? वस्तीत काम सुरू करणाऱ्या तरुण संघाला उत्तर

पुण्यातील एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाच्या चिटणीसांनी मला तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या उपासना मंदिरापासून जवळच असलेल्या एका वस्तीत त्यांना आरोग्यशिक्षणाचे काम सुरू करायचे आहे. संघात बारा जण आहेत, त्यांपैकी एक परिचारिका आहे आणि एक जण औषधनिर्माणशास्त्र शिकतो आहे. आरोग्याचा धडा आधी घ्यावा की देवाचे वचन आधी सांगावे, हा पहिला प्रश्न. शिबिर भरवून औषधे वाटावीत का, हा दुसरा. आणि मदत देऊ करणाऱ्या दात्यांना ‘आत्मिक फळ’ कसे दाखवावे, हा तिसरा. मी पुण्यातील वस्त्यांमध्ये सव्वीस वर्षे सामुदायिक आरोग्य परिचारिका म्हणून काम केले, त्यांतली पहिली सात वर्षे एका ख्रिस्ती गटाबरोबर होती, आणि मी स्वतः मंडळीत वाढलेली आहे. त्यामुळे जे लिहिते आहे त्यात आपल्या लोकांविषयी काही कडू बोलणे येईल, ते घरातल्या माणसाचे समजावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की आधी-नंतरचा क्रम हा मुद्दाच नाही. ज्या बाईला तिच्या लेकराचे जुलाब कसे थांबवायचे हे जाणून घ्यायचे आहे, तिला ते जाणून घेण्यासाठी तुमच्या प्रार्थनेतून जावे लागते का, एवढेच पाहावे. जावे लागत असेल, तर वचन आधी असो, नंतर असो किंवा मध्ये पेरलेले असो, ते जकातीसारखे होते. हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या गटाने पहिल्याच वर्षी एका वस्तीत दर शनिवारी जंताच्या आणि लोहाच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. आधी अर्धा तास गीते व प्रार्थना, मग दहा मिनिटे माहिती, मग गोळ्या, असा आमचा क्रम होता. साठ-सत्तर बायका येत, डोक्यावर पदर घेऊन शांत बसत, आणि आम्ही एकमेकींना सांगत असू की काय तहान आहे या लोकांना! तिसऱ्या महिन्यात एक वयस्कर बाई मला बाजूला घेऊन अगदी आपुलकीने म्हणाली, “सिस्टर, आज जरा लवकर आटपा, दोन वाजता नळ येतो.” तिने त्या अर्ध्या तासाचा हिशेब गोळ्यांच्या किमतीत धरला होता आणि तिच्या दृष्टीने तो रास्तच होता. पुढे वस्तीतल्या तरुणांनी आक्षेप घेतला, शनिवार बंद पडला. आमच्यातल्या काहींनी त्याला छळ म्हटले. मला मात्र त्या पोरांचे म्हणणे बरेचसे पटले होते आणि ते मी तेव्हा बोलून दाखवले नाही, याची खंत आजही आहे.

म्हणून दोन्ही गोष्टींच्या वेळा, जागा आणि निमंत्रणे वेगळी ठेवा. आरोग्याचा धडा अंगणवाडीत, समाज मंदिरात, बुद्धविहाराच्या पडवीत किंवा नळाजवळच्या मोकळ्या जागेत होऊ द्या, तो स्वतःपुरता पूर्ण असू द्या, आणि त्यानंतर “आता जरा पाच मिनिटे” असे म्हणून कोणाला बसवून ठेवू नका. उपासना तुमच्या मंदिरात आहेच. तिचा वार आणि वेळ कोणी विचारली तर सांगा. येशूने दहा कुष्ठरोगी शुद्ध केले आणि आभार मानायला एकच परत आला, ही लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट आपण पुष्कळदा कृतज्ञतेच्या अंगाने सांगतो. परत न आलेल्या नऊ जणांचे शुद्ध होणे कोणी काढून घेतले नाही, हे त्या गोष्टीत तितकेच स्पष्ट आहे, पण त्यावरचे प्रवचन मी अजून ऐकलेले नाही.

याचा अर्थ ओळख लपवावी असा मात्र नाही, आणि येथे तरुण गट नेमके उलट्या बाजूला घसरतात. आक्षेप नको म्हणून एखादे निधर्मी नाव घेतले जाते, ‘आम्ही फक्त समाजसेवक’ असे सांगितले जाते, आणि सहा महिन्यांनी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा सुरू झाली की वस्तीला फसवणूक झाल्यासारखे वाटते. पहिल्याच भेटीत स्थानिक कार्यकर्ते, गणेश मंडळाची मुले, विहाराचे पदाधिकारी, आशाताई, अंगणवाडीताई अशा सगळ्यांना सरळ सांगा की आम्ही अमुक मंडळीचे ख्रिस्ती लोक आहोत, धडा आरोग्याचा आहे, आणि त्यात धर्माचा विषय आम्ही काढणार नाही. असे बोलल्यावर दहापैकी एखाद्या ठिकाणी नकार मिळतो. तो मिळू द्या.

या बाबतीत पुण्याने एक धडा फार पूर्वीच घेतलेला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले विधवा व मुलींसाठीचे शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आणले, तेव्हा तेथे कोणाच्या धर्मात हस्तक्षेप होणार नाही, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार म्हणून उभी राहिली होती. रमाबाईंनी आपले ख्रिस्ती असणे कधीच लपवले नव्हते. पण काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्यावर १८९३ मध्ये गदारोळ झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कोणाचे चुकले यावर आजही वाद घालता येईल, आणि माझे मन रमाबाईंकडेच झुकते. परंतु ‘तटस्थ’ या एका शब्दाचा अर्थ संस्थेला एक आणि पालकांना दुसरा वाटत होता, आणि तो फरक वेळीच कोणी समोरासमोर बसून सोडवला नाही, हे तर खरेच. तुमच्या वस्तीत तो फरक पहिल्या आठवड्यातच सोडवा. चार वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, याच शहरात आरोग्याच्या नावाखाली घरात घुसून झडत्या घेतल्या गेल्या आणि त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले हडपसरजवळ मुलाच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. तेव्हा आरोग्याच्या नावाने माणसे घरात कशी शिरतात, याची दोन्ही रूपे या शहराने पाहिलेली आहेत.

वस्तीतल्या बहुतेक लोकांना धर्मांतर या शब्दाचा अर्थ आपल्याला वाटतो त्याहून चांगला कळतो. १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण ज्या घरांत भिंतीवर टांगलेली आहे, तेथे ‘हे बिचारे अज्ञानी आहेत’ असा सूर घेऊन जाणे हास्यास्पद आहे. आणखी एक गोष्ट कोणी पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, सांगत नाहीत म्हणून मी सांगते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीतील व्यक्ती ख्रिस्ती झाल्यास तिचा अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. शीख व बौद्ध यांना पुढे सुधारणांनी जी सवलत मिळाली ती ख्रिस्ती लोकांना मिळालेली नाही. म्हणजे एखाद्या कचरावेचक बाईने बाप्तिस्म्याविषयी स्वतःहून विचारले, तर तिच्या मुलाच्या शिष्यवृत्तीवर आणि नोकरीतल्या आरक्षणावर त्याचा काय परिणाम होईल हे तिला आधी ठाऊक असले पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तुमच्या बाराही जणांना हे माहीत असू द्या. कायद्याची भीती बाळगण्यासाठी नव्हे; आपण नक्की काय करतो आहोत हे आपल्यालाच स्पष्ट असावे म्हणून.

आता प्रत्यक्ष धड्याकडे येते, कारण माझ्या अनुभवात गट येथेच सर्वांत कच्चे असतात. पूर्व आफ्रिकेतून जगभर गेलेली ‘कम्युनिटी हेल्थ इव्हँजेलिझम’ नावाची एक पद्धत आहे. तिच्यात आरोग्याचा पाठ आणि शास्त्रातील गोष्ट एकत्र गुंफलेली असते आणि वस्तीतूनच निवडलेले स्वयंसेवक घरोघर जातात. त्या पद्धतीतली गुंफण मला, वर लिहिलेल्या कारणांसाठी, आपल्या वस्त्यांत नको वाटते. पण तिची शिकवण्याची रीत उत्तम आहे, ती जरूर घ्या. आधी उत्तर सांगायचे नाही. दोन मिनिटांचे छोटे नाटक करायचे, त्यात अडचण दाखवायची, आणि “काय पाहिलंत? असं आपल्याकडे होतं का? का होतं?” असे विचारत बायकांनाच बोलू द्यायचे. आपल्याकडे भारुडाची परंपरा असल्यामुळे हे लोकांना परके वाटत नाही. सासू-सुनेचे पात्र आले की मागच्या रांगेतली बाई स्वतःहून पुढे येते.

विचारल्याशिवाय शिकवले तर काय होते, ते पाण्याच्या धड्यात मला कळले. मी तक्ता लावून सांगत होते की पाणी वीस मिनिटे उकळा. बायका आधी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि मग एकीने सांगितले की सिलिंडर महिनाभर पुरवायचा तर भात शिजवावा की पाणी. मी गप्प झाले. (वीस मिनिटे उकळण्याची गरजही नसते, पाण्याला चांगली उकळी फुटून एक मिनिट राहिली तरी आपल्या भागात पुरते. तो आकडा मी कोठून उचलला होता कोण जाणे.) मग आम्ही त्यांच्याबरोबर घरोघर फिरलो. पाणी नळातून बरे येत होते, बिघडत होते ते पिंपात हात बुडवल्यामुळे. त्यामुळे धडा बदलला: पिंपाला झाकण, पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे, आणि पाऊस सुरू झाला की पालिकेच्या दवाखान्यातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण, बाटलीवर लिहिलेले थेंब मोजून टाकायचे आणि अर्धा तास झाकून ठेवायचे. ओगराळे लगेच पसरले, कारण ते जत्रेतही मिळते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळल्याने दूषित पाण्याकडे लक्ष गेले, तेव्हा मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांपुढे ज्यांचे जुने धडे पक्के होते त्याच बायका शेजारणींना शांतपणे सांगत होत्या की पाण्याचे काय करायचे ते आपल्याला माहीत आहे.

मोजमाप हा दुसरा विषय. जलसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचे असते, परंतु प्रत्येक घरात ते चमच्याने थोडे थोडे काढून फुलपात्रात कालवले जाते, कारण सगळे एकदम वापरणे उधळपट्टी वाटते. ‘एक लिटर’ हा शब्द सांगून काही उपयोग नाही. थंड पेयाची एक लिटरची रिकामी बाटली हातात घेऊन जा आणि तिने स्वतः पाकीट ओतून पाहू द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. मिठाचा शीग लावलेला चमचा धोक्याचा असतो, म्हणून ‘सपाट’ या शब्दावर जोर द्या आणि चमच्यावरून सुरीचे पाते फिरवून दाखवा. त्याबरोबर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. त्या आशाताईंकडे मिळतात.

एका संक्रांतीला मला वस्तीत हळदीकुंकवाला बोलावणे आले. जावे की नाही यावर आमच्या गटात बराच ऊहापोह झाला. मी गेले, कुंकवाला हात जोडून नको म्हटले, तिळगूळ घेतला, आणि वाण म्हणून मिळालेली स्टीलची वाटी पुढची अनेक वर्षे पूरक आहाराच्या धड्यात वापरली. सहा महिने पूर्ण झाल्यावर दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्धी वाटी, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, असे सांगताना वाटी त्यांचीच असल्याने आकार कोणाला समजावून सांगावा लागला नाही. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर येशूने पहिली सूचना तिला काहीतरी खायला द्या, ही केली, हे मी त्या धड्यात कधी सांगितले नाही. स्वतःच्या मनाशी मात्र पुष्कळदा म्हटले आहे.

गोवराच्या धड्यात तुमची खरी परीक्षा होईल. अंगावर पुरळ आले की ‘देवी आली’ म्हणून मुलाला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवतात, घरात फोडणी देत नाहीत, दवाखान्यात नेत नाहीत. आपल्या तरुणांना येथे देवीविरुद्ध बोलण्याची ऊर्मी येते. ती आवरावी. पाला राहू द्या, फोडणीही बंद राहू द्या, त्याने मुलाचे काही बिघडत नाही. मुलाला दवाखान्यात नेऊन अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, आज एक आणि उद्या एक, मिळाले पाहिजेत, कारण गोवरात डोळे आणि फुप्फुसे धोक्यात येतात. आणि शेजारच्या मुलांची नवव्या महिन्याची व सोळा ते चोवीस महिन्यांमधली लस झाली आहे का हे त्याच दिवशी पाहिले पाहिजे. आजीला विचारले, की देवी आली तरी मुलाला दवाखान्यात नेऊन दाखवले तर चालेल ना, तर बहुतेक आज्या “चालेल की” म्हणतात.

दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी इतके सांभाळून घेतले, तेव्हा स्वतःच्या घराकडे पाहण्याचा अधिकार मला आहे असे धरून पुढचे लिहिते, आणि तुमच्या तीनही प्रश्नांपेक्षा मला हे अधिक महत्त्वाचे वाटते. ख्रिस्ती मंडळींनी वस्तीत आरोग्यशिक्षण द्यायला निघण्याआधी आपल्याच सभांमध्ये जे चालते ते तपासावे. माझ्या ओळखीच्या एका तरुण रिक्षाचालकाला क्षयरोग झाला होता. औषधे सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात त्याचा खोकला थांबला, वजन वाढले, आणि त्याच सुमारास एका सभेत त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. प्रार्थनेने बरा झालो अशी त्याने साक्ष दिली, टाळ्या पडल्या, गोळ्या बंद झाल्या. क्षयरोगाचे औषध किमान सहा महिने घ्यावे लागते आणि पहिल्या दोन महिन्यांत बरे वाटणे हा त्या औषधाचा स्वभावच आहे, हे त्या सभेत एकालाही माहीत नव्हते. तो परत आला तेव्हा जंतू नेहमीच्या औषधांना दाद देईनासा झाला होता. साक्ष ऐकलेली माणसे नंतर त्याला भेटायला गेली नाहीत. तेव्हापासून मी ज्या ज्या पाळकांना भेटते त्यांना एक विनंती करते, की आजारातून बरे झाल्याची साक्ष घेण्याआधी ‘डॉक्टरांनी औषध थांबवायला सांगितले आहे का’ एवढा एक प्रश्न व्यासपीठावरून, सर्वांना ऐकू जाईल असा विचारा. काही पाळक तो विचारू लागले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा वा विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. ज्या शहरात डॉ. दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला त्या शहरात राहून आपण असे समजू नये की हा कायदा फक्त भगत-मांत्रिकांसाठी आहे.

घरगुती सभांविषयीही असेच. दहा बाय दहाच्या खोलीत पंचवीस माणसे, शेजाऱ्यांचा त्रास नको म्हणून दार-खिडकी बंद, आणि दीड तास मोठ्याने गीते: क्षयरोग पसरायला याहून सोयीची व्यवस्था कोणी मुद्दाम केली असती तरी जमली नसती. दार उघडे ठेवा, शक्य तर गच्चीवर बसा, आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्याला त्याच आठवड्यात बेडक्याच्या तपासणीला पाठवा. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य असते आणि निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात दरमहा पैसे येतात. ही रक्कम २०१८ पासून ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. पुष्कळांचे पैसे केवळ बँक खाते जोडलेले नसल्यामुळे अडकतात. ते जोडून द्यायला तुमचा मोबाइल चालवणारा एखादा मुलगा लागतो, आणि हे काम कोणत्याही धड्याइतकेच आरोग्याचे आहे.

उपवास-प्रार्थनेच्या दिवशी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहणाऱ्या बायका मी घेरी येऊन पडताना पाहिल्या आहेत. मधुमेही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी उपवास करू नये, हे पाळकांच्या तोंडून गेले तरच ऐकले जाते, परिचारिकेच्या तोंडून नाही. दारूच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे, कारण तेथे आपला हेतू शंभर टक्के चांगला असतो. वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस एखाद्या सभेत गुडघे टेकतो, आजपासून थेंबही घेणार नाही असे वचन देतो, आणि घरी जाऊन खरोखरच ते पाळतो. अशा माणसाला पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. आणि घरच्यांना वाटते भुताने पछाडले, मग पुन्हा प्रार्थना. हातांना सकाळी कंप सुटणाऱ्या माणसाने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडली पाहिजे. पुण्यात तर १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, येरवड्याला. त्याला तेथे पोहोचवा, त्याच्या बायकोला एकटी सोडू नका, आणि परत आल्यावर त्याला संध्याकाळी सहा ते नऊ जायला एखादी जागा द्या. ती जागा मंडळी देऊ शकते, आणि ती देणारे दुसरे फारसे कोणी नसते.

शिबिराचा प्रश्न लवकर आटोपता येईल. नोंदणीकृत डॉक्टरशिवाय गोळी वाटू नका, मग ती जीवनसत्त्वाची का असेना. औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या मुलावर तो भार टाकू नका. वर्षातून एकदा भरणाऱ्या शिबिरात रक्तदाब वाढलेला सापडतो, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात, आणि सोळाव्या दिवसापासून पुन्हा पहिल्यासारखे. फोटो मात्र चांगले येतात. त्यापेक्षा ज्या बाईचा रक्तदाब वाढलेला आहे तिला पालिकेच्या दवाखान्याचा रस्ता दाखवा, पहिल्या वेळी बरोबर जा, केस पेपर कोठे काढायचा ते तिला स्वतः करू द्या, आणि दुसऱ्या महिन्यात ती गेली का एवढे विचारा. आशाताईंना प्रतिस्पर्धी समजू नका. त्यांच्या याद्या तुमच्या कोणत्याही सर्वेक्षणाहून चांगल्या असतात.

आणि शक्य तितक्या लवकर धडे तुमच्या हातातून वस्तीतल्या बायकांच्या हातात जाऊ द्या. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर आणि दलित होत्या. त्या बाळंतपण, जुलाब, पोषण यांचे ज्ञान घेऊन आपापल्या गावी परत जात आणि शेजारणींना शिकवत. १९७९ मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून माणसे पाहायला येऊ लागली. या कामात ख्रिस्ती असे काय होते, असे मला एका तरुणाने विचारले होते. ज्या बाईला गावात पाणवठ्यावर बाजूला उभे केले जाई तिच्याकडे सवर्णांची सून बाळंतपणासाठी माणूस पाठवू लागली, असे मी त्याला सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. त्याला आकडा हवा होता.

तेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. दात्यांच्या अहवालाच्या नमुन्यात ‘किती जणांनी निर्णय घेतला’, म्हणजे किती जणांनी ख्रिस्ताला स्वीकारले, असा रकाना असेल, तर काम सुरू करण्यापूर्वीच तो काढून टाकण्याविषयी त्यांच्याशी बोला. रकाना असला की तो भरावासा वाटतो, आणि भरावासा वाटला की जुलाबाच्या धड्याला आलेल्या बायकांमध्ये तुम्ही होतकरू चेहरे शोधू लागता. त्यांना ते लगेच कळते. आमच्या गटाचा नमुना मी बदलून घेतला तेव्हा पुढचे रकाने ठेवले होते: किती घरांत पिंपाला झाकण व ओगराळे आहे, किती बालकांच्या लसी वेळेवर झाल्या, क्षयरोगाच्या किती रुग्णांनी औषध पूर्ण केले, आणि किती धडे वस्तीतल्या बायकांनी आमच्याशिवाय घेतले. कोणी प्रार्थनेची विनंती केली किंवा विश्वासाविषयी विचारले, तर ते त्या माणसाचे खासगी आहे. त्याचे नाव किंवा छायाचित्र कोठेही पाठवू नका, परदेशात तर नाहीच. एका दात्याने यावर मदत थांबवली होती. आम्ही त्या वर्षी हिशेब मांडून पाहिला तेव्हा फळा, खडू, एक लिटरची बाटली, वाटी आणि चमचे यांना जवळजवळ काहीच लागले नव्हते; खर्च होता तो रुग्णांना दवाखान्यात नेण्याच्या रिक्षाचा, आणि तो मंडळीतल्या महिला मंडळाने भाकरी-पिठल्याची विक्री करून भरून काढला.